दोन ते दोन-वीस

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

चौतीस वर्षं दवाखान्यात रोज लिहीत आले, पण ते दुसऱ्याच्या नाडीचं, तापाचं, लघवीचं. स्वतःविषयी लिहायला आज पहिल्यांदा बसले आहे. कारण आज मी बोलायचं नाही असं ठरवलंय, आणि माझ्यासारख्या तोंडाळ बाईनं गप्प बसायचं म्हणजे ते कुठेतरी बाहेर पडायला हवं.

एस्तेरबाई गुरुवारी दुपारी गेल्या. वय अठ्ठ्याहत्तर. लकव्याला दोन महिने झालेले, गिळता येत नव्हतं, नाकातल्या नळीतून पेज आणि दूध. त्यांचं घर राजापेठेतच, माझ्यापासून दहा मिनिटांवर. सकाळी आठ ते दोन प्रतीक्षा आणि दोन ते आठ मी, अशा आम्ही दोघी त्यांना सांभाळत होतो. प्रतीक्षा आमच्याच चर्चच्या मंडळीतली, तेवीस वर्षांची, मीच हाताला धरून शिकवलेली, मला मावशी म्हणते. फेब्रुवारीत तिला अकोल्याच्या एका रुग्णालयात पक्की नोकरी लागायची आहे. पाळकसाहेबांचं शिफारसपत्र तेवढं बाकी आहे.

आज उपासनेनंतर चहाच्या वेळी बाईंची सून पौर्णिमा सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या सासूबाईले चुकीचं इंजेक्शन देल्लं. इंजेक्शन झालं अन् घंटाभरात खेळ खलास. काय सिस्टर, खोटं आहे का?"

अंगणात साठ माणसं होती. सगळ्यांचे कप हवेत थांबले. इंजेक्शन डॉक्टरांनी लिहून दिलेलंच होतं, दीड वाजता प्रतीक्षानं दिलं, चार्टवर सही केली. पण बाईंची गादी टाकून दिली तिच्याबरोबर तो चार्टही गेला म्हणे. दोन वाजता ती निघाली, मीच फोनवर म्हटलं की जा तू, मी पोचतेच. मी पोचले तेव्हा दोन-वीस झाले होते. हे सगळं सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. वधस्तंभावर जाण्याआधी प्रभू सुभेदारासमोर उभा होता तेव्हा तोही आरोपांवर काही बोलला नव्हता.

बाईंचा मुलगा शेखर दाराशी उभा राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

२१ नोव्हेंबर

दुपारी कुकर लावला. शिट्टीच्या आधी आत घरघर सुरू झाली आणि माझा हात थांबला. अगदी तीच, बाईंच्या घशातली. गॅस बंद केला. वरण कच्चंच राहिलं, तसंच खाल्लं.

लिहून टाकते. मी पोचले तेव्हा बाई निळ्या पडत होत्या. सक्शन मशीनची नळी घशात घातली, तर बाटलीत पिवळं आलं आणि त्यात संत्र्याच्या गराचे तंतू. नळीतून आम्ही संत्र्याचा रस कधी दिला नाही. म्हणजे कोणीतरी तोंडानं पाजला. ज्याला गिळता येत नाही त्याला तोंडानं पाजलं की ते पोटात जात नाही, फुप्फुसात जातं. पौर्णिमा तेव्हा शाळेत शिकवायला गेलेली. घरात एकटा शेखर होता.

बाटली मी धुऊन टाकली. आईला संत्र्याचा सोस, मोसम सुरू झालेला, पोरानं मायेनं दोन चमचे दिले असतील. त्याला हे कळलं तर जन्मभर जेवण गोड लागणार नाही. मी कोणालाही सांगणार नाही. माझ्यावर येईल ते मी सोसेन. हे लिहिताना मन हलकं झालं, आणि लपवू कशाला, थोडा अभिमानही वाटला.

२९ नोव्हेंबर

शेखर संध्याकाळी क्लास सुटल्यावर आला होता. राजापेठेतल्या एका क्लासमध्ये तो गणित शिकवतो. चहा दिला. बाईंच्या चष्म्याचं काय करावं असं विचारत होता. मी म्हटलं, नेत्रशिबिराला दे. बराच वेळ बसला आणि गेला.

१ डिसेंबर, रविवार

महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. भाकरीच्या तुकड्यांचा ट्रे आणि द्राक्षरसाचे इवलेसे पेले बाकाबाकावरून फिरतात. मनात कोणाविषयी राग असेल तर आधी समेट करावा, मग भाकरीला हात लावावा, नाहीतर ट्रे पुढे द्यावा, अशी आमच्या घरची शिकवण. मावशीशी भांडण झालं तेव्हा माझ्या आईनं तीन महिने भाकर घेतली नव्हती.

माझ्या मनात पौर्णिमाविषयी राग आहे. तिचा आवाज ऐकला तरी कानशिलं तापतात. म्हणून ट्रे आला तसा मी प्रतीक्षाकडे दिला. तिनं माझ्याकडे पाहिलं, जरा थांबली आणि भाकर घेतली. मागच्या बाकावर कुजबुज झाली. मी मान खाली घालून प्रार्थना केली.

१० डिसेंबर

कोपऱ्यावर भाजी आणि फुलं विकणाऱ्या कौशल्याबाईंनी आज मला अडवलंच. बाई माळ्याची, तिचा चर्चशी काही संबंध नाही, पण राजापेठेत तिच्या कानावरून गेल्याशिवाय एक बातमी पुढे जात नाही.

"काय व सिस्टरबाई, तुमचं नाव खराब करून रायले म्हन्ते लोकं, अन् तुमी तोंडाले कुलूप लावून बसल्या. काहून?"

"सोसायचं असतं, कौशल्याबाई."

"सोसा ना, कोन नाई म्हन्ते. पन त्या दिवशी दोन वाजता तं तुमी इथंच होत्या, माह्या पाटीपाशी. आपन मेथी निवडत गोष्टी करत बसलो होतो. तुमी तवा तिथं नवत्याच, असं सांगू का मी कोनाले?"

"नको," मी म्हटलं. "काही सांगू नका कोणाला." इतक्या पटकन म्हटलं की मलाच नवल वाटलं. बाईनं माझ्याकडे पाहिलं, आणि आलं फुकट घातलं पिशवीत. ती फुकट काही देत नाही.

१५ डिसेंबर

दुपारी दोन ते तीन घरात बसवत नाही. नळाला हवा आली तरी घरघर ऐकू येते. खुर्चीत डोळा लागला तर बाई दिसतात. ओरडत नाहीत, काही मागत नाहीत. फक्त बघतात, आणि तेही माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून मागे. त्या दिवशीही शेवटपर्यंत तशाच बघत होत्या. मागे वळून बघायला तेव्हा मला वेळ नव्हता. आता वळते तर भिंत असते.

२२ डिसेंबर, रविवार

प्रभू प्रार्थना ऐकतो! मंडळीतलं वारं फिरलं आहे. महिला मंडळाच्या तिघीजणी नाताळच्या करंज्या घेऊन घरी आल्या. एकीनं माझा हात दाबला, म्हणाली, "सिस्टर, तुमचं मन लय मोठं आहे. दुसरी असती तं केव्हाची बोलून गेली असती." पौर्णिमासुद्धा फाटकाशी "सलाम, सिस्टर" म्हणाली. मी कोणाला एक शब्द बोलले नाही, आणि तरी सत्य आपोआप वर आलं. गप्प राहण्याचं फळ ते हेच.

प्रतीक्षा नाताळच्या गाण्यांच्या सरावाला आली नाही. खोली सोडून अकोल्याला आईवडिलांकडे गेली म्हणे. सणाला गेली असेल. मला सांगूनही गेली नाही, आणि फोन उचलत नाही. आजकालच्या पोरींना काम झालं की मावशी आठवत नाही.

२७ डिसेंबर

दुपारी तीन वाजता शेखर. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. माणूस झोपत नाही हे मला चालण्यावरून कळतं.

"सिस्टर, आई शेवटी काही म्हटली का?"

"बोलता कुठे येत होतं त्यांना."

"नाही, पन... चेहरा कसा होता?"

"शांत होता," मी म्हटलं. हे खोटं होतं. पण असं खोटं मी चौतीस वर्षांत शेकडो नातेवाइकांना सांगितलं आहे.

चहावर साय धरली तरी त्यानं कप तोंडाला लावला नाही. मग एकदम म्हणाला, "तुमाले मले काई विचारायचं नाही का?"

"नाही रे बाबा. माझ्या मनात काही नाही."

तो उठला. जाताना चपला उलट्या घालत होता. मला वाटतं, पौर्णिमा त्याला पाठवते माझ्या तोंडून काही निघतं का ते बघायला. निघणार नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

ट्रे पुन्हा पुढे दिला. शेजारची जागा रिकामी होती, म्हणून हात लांब करून द्यावा लागला आणि सगळ्यांनी पाहिलं.

तिसऱ्या बाकावर बाईंच्या जागी अजून कोणी बसत नाही. दुसरं गीत चालू असताना त्या तिथे बसलेल्या मला दिसल्या, मान वळवून, तशाच माझ्या मागे बघत. मागच्या बाकावर शेखर होता.

२१ जानेवारी

शेखर पुन्हा. चहा. थंडी कमी झाली. गेला.

२ फेब्रुवारी, रविवार

आज अक्षर वाईट येईल.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी आत बोलावलं. दार लोटलं आणि म्हणाले, "रागिणीबाई, त्या मुलीचं पाप तुम्ही आणखी किती दिवस अंगावर घेणार?"

मला कळेना. म्हटलं, कोणत्या मुलीचं?

"प्रतीक्षाचं. तीन महिने तुम्ही भाकर घेत नाही. सगळी मंडळी बघते. तिच्या हातून काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ते लपवता आहात म्हणून तुमचा हात भाकरीला धजत नाही. आणि त्या पोरीनं त्याच बाकावर बसून भाकर घेतली! लोकांच्या लक्षात येणार नाही का? ती डिसेंबरात माझ्याकडे आली होती. म्हणाली, मी काही केलं नाही, मावशीला विचारा. मी म्हटलं, सिस्टर तर काहीच म्हणत नाहीत. मी अकोल्याला पत्र दिलं नाही, बाई. कसं देणार? ती जागा परवा दुसरीला दिली त्यांनी."

करंज्या. हात दाबणं. लय मोठं मन. माझ्यावरचा आळ गेला नव्हता, तो फक्त शेजारच्या जागेवर सरकला होता, आणि मी त्याबद्दल देवाचे आभार मानले होते.

आणि तेव्हाही, पाळकसाहेब समोर बसलेले असताना, मी गप्पच राहिले. सवयीनं. नमस्कार करून बाहेर आले. मला माझीच किळस येते आहे.

६ फेब्रुवारी, अकोल्याहून परत

सकाळच्या एसटीनं गेले. प्रतीक्षा एका औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होती. नर्सिंग शिकलेली पोर. मला पाहून तिनं ओढणी सारखी केली, उठली नाही.

मी सगळं सांगितलं. संत्र्याचा रस, बाटली, शेखर. मला वाटलं, ऐकून तिला समजेल की मी का गप्प होते.

"म्हंजे तुमाले पहिल्या दिवसापासून मालूम होतं," ती म्हणाली.

"शेखर मोडून गेला असता गं."

"अन् मी मोडली तं चालते?"

दुकानात एक म्हातारा खोकल्याचं औषध मागायला आला. तिनं त्याला दिवसातून किती वेळा घ्यायचं ते दोनदा नीट समजावलं. तो गेल्यावर म्हणाली, "तुमी त्याहिले माफ केलं, चांगलं केलं. पन माह्या वाट्याची माफी तुमी कायले देऊन टाकली? मले इचारलं का एकदा? सोसून तुमी रायल्या होत्या का मी?"

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत रडले. शेजारच्या बाईनं केळं दिलं, तेही हातातच राहिलं.

८ फेब्रुवारी

पौर्णिमा शाळेत असते ती वेळ साधून गेले. शेखर बाईंच्याच खोलीत बसला होता. पलंग नाही, खुर्ची तिथेच ठेवलेली.

वाटेत शंभर वाक्यं जुळवली होती. तोंडातून एकच निघालं. "शेखर, मी नळी घातली तेव्हा संत्र्याचा रस आला होता."

तो दचकला नाही. त्यानं डोळे मिटले आणि एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं, आता कोसळतो.

"मले मालूम आहे, सिस्टर. प्रतीक्षा गेली, तुमी आल्या नवत्या. मी संत्रं सोलून खाऊन रायलो होतो. वासानं तिनं तोंड उघडलं. दोन महिन्यांत तिनं काई मांगलं नवतं. मी म्हटलं, चमचाभर. मंग अजून एक. तुमी आल्या तवा मी तुमच्या मांगं उभा होतो, कप हातात धरून. ती माह्याकडंच पाहून रायली होती."

म्हणजे बाई भिंतीकडे बघत नव्हत्या. मी खाली बसले.

"पौर्णिमाले मी सांगू नाही शकलो. ती म्हने, असं कसं झालं एकदम? माह्या तोंडून निघालं, इंजेक्शन. मंग ते माह्या हातात नाही रायलं." तो आता रडत होता. "तीनदा आलो तुमच्या घरी. म्हटलं, सिस्टरनं नळीत पाह्यलं असंन, त्या विचारतीन, मंग मी सांगीन. तुमी दर वेळी चहा देल्ला."

मी त्याला जवळ घेतलं. जे खरं तेच सांगितलं. फुप्फुसं आधीच भरत आली होती, डॉक्टरांनी आठवडा-पंधरा दिवस दिले होते, त्या रसानंच गेल्या की नाही हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. त्यानं विचारलं, "कोनी लवकर पोचलं असतं तं वाचली असती का त्या दिवशी?" मी म्हटलं, त्याचा विचार करू नये आता.

२ मार्च, रविवार

आज झालं. ट्रे उचलायच्या आधी शेखर उभा राहिला. पौर्णिमाला त्यानं काल सांगितलं होतं. तिनं त्याचा शर्ट मागून मुठीत धरला होता, थांबवायला की आधार द्यायला, ते समजलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. आवाज दोनदा फुटला. मग मी उठले आणि म्हटलं, प्रतीक्षानं तिचं काम चोख केलं, ती वेळ संपल्यावरच गेली, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लोक रडले. पाळकसाहेबांनी तिथेच शिफारसपत्र लिहायला घेतलं.

त्या वीस मिनिटांचं बोलायचं राहून गेलं. कोणी विचारलंही नाही.

दुपारी खुर्चीत बसले. बाई दिसल्या नाहीत. घरघर मात्र आली, नळ बंद असताना.

८ मार्च, शनिवार

पत्र पोस्टानं न पाठवता स्वतः घेऊन गेले. प्रतीक्षानं ते दुकानाच्या काउंटरवर उभं राहून वाचलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं. मूर्तिजापूरच्या एका दवाखान्यात जागा निघाली आहे, तिथे उपयोगी पडेल म्हणाली. आभार मानले नाहीत. का मानावेत?

मी निघणार तेवढ्यात तिनं विचारलं, "मावशी, एक सांगा. मले निघ म्हनून फोन तुमी केल्ता, इंजेक्शननंतर बाईले काई त्रास नवता हे ऐकूनच. तुमी स्वतः दोन वाजता पोचल्या नाही. एवढं एक वाक्य बोललं असतं तं रसाचं नाव न काढता बी मी सुटली असती. शेखरभाऊचा बी बाल वाका झाला नसता. मंग थे वाक्य कोनासाठी दाबून ठेवलं?"

शेखरसाठी, असं म्हणायला तोंड उघडलं. तीन महिने हाच शब्द मी इथे लिहीत आले आहे. पोरीचे डोळे माझ्यावर होते, माझ्या मागे नाही, सरळ माझ्यावर.

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "रागिणी सिस्टर वेळेवर नव्हती, आणि असती तर कदाचित बाई त्या दिवशी वाचल्या असत्या. हे मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. मलासुद्धा."

मागच्या मांडणीवरून तिनं खोका काढला, परत ठेवला. रस्त्यावर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. खोट्या आरोपावर मी साठ माणसांसमोर ताठ उभी राहिले होते. हा खरा होता, आणि मी काउंटरची कड धरून उभी होते.

"माफ करशील का गं?"

"नाही अजून," ती म्हणाली. मग पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बसा तरी. तुमची बस पाचले आहे."

मी बसले.